गळक्या बॅटरीचे पारिपत्य आणि पहिल्या ओळीचा निकाल

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि दिवसभर न गेलेल्या विजेस त्रिवार नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य चतुर्थी, ते दिवसापासून जे वर्तमान घडले ते पाहिले तैसे लिहिले आहे. ऐकीव मजकूर घातला नाही, आणि घातला तेथे चव यावी म्हणूनच घातला. राज्याचे नाव पुसू नये. राज्य म्हणजे चार हात उंचीची लाकडी पेटी, पूर्वी खेळघरात उभी असे, रुपयाचे नाणे टाकिले की पडद्यावर विमान उडे आणि त्याने शत्रूंची विमाने पाडावी ऐसा तिचा धर्म. पेटीचे पोटात सर्किट बोर्ड, तोच आमचा मुलूख. जमीन हिरवी, तीवर तांब्याचे रस्ते, आणि रस्त्यांचे तोंडाशी काळ्या चिपांची ठाणी. मुलुखाचे कोपऱ्यात एक बॅटरी, ती किल्लेदार. तिचे काम एकच, वीज गेली तरी पहिल्या दहा खेळाडूंची नावे आणि गुण पेटीस विसरू न देणे.

राज्याचे धनी श्रीमंत चिंतोबाराव महाराज. शके एकोणीसशे सत्तावीस, चैत्रमासी खेळघर बंद करणे प्राप्त जाहले, आणि शेवटचे दिवशी महाराजांनी तेवीस मंडळींसमक्ष दोन लक्ष चौदा हजार गुण मिळवोन पहिल्या ओळीत आपली तीन अक्षरे लिहिली, आणि त्याच पावली मंडळींस घेऊन बाजारात पेढे वाटावयास गेले, आणि झाडून, कुलूप लावून किल्ली घरी आणण्याचे काम राणीसाहेब कुमुदिनीबाई यांजकडे राहिले. दुसरे दिवशी पेटी टेंपोतून घरी आणिली तो खड्ड्यात चाक जाऊन पडदा फुटला. मग एकोणीस वर्षे पेटी आंधळी होऊन दिवाणखान्यात उभी. तरी महाराजांची निष्ठा ऐसी की दर संकष्टीस सकाळी पेटीस वीज द्यावी, चंद्रोदयापर्यंत ठेवावी, बॅटरीचे पोट भरावे, आणि पेटीने आतून दोन सूर वाजविले म्हणजे आपले नाव जागेवर आहे ऐसे समजोन उपास सोडावा. आल्यागेल्यास ती कथा सांगावी. कथेत गुण दोन लक्ष चौदा हजारच राहिले, हे महाराजांचे सत्य. मंडळी मात्र तेविसांची साठ जाहली.

त्या कार्तिकी संकष्टीस सूर वाजेना. पेटी उघडिली तो किल्लेदारच फितूर. बॅटरी फुटोन गळाली होती, तिचा खार मुलुखात पसरला होता, जागोजाग हिरवापांढरा कळंक धरला होता आणि तांब्याचे रस्ते खचले होते. हे वृत्त कोपऱ्यावरचे चहाचे टपरीवर गेले आणि तेथील मुत्सद्दी बोलू लागले की आता पेटीच मेली, आत काय लिहिले होते ते कोणी पाहिले, नसेलही लिहिले. महाराजांस हे फार लागले. या गृहस्थाने जन्मात पहिले म्हणून दुसरे काही मिळविले नव्हते. शाळेत मधले, भावंडांत मधले, दुकान मांडिले तेही उठले. मी त्यांचा बखरकार, त्यांची थट्टा करितो, तो माझा स्वभाव, परंतु ते दिवशी त्यांचे तोंड मज पाहवले नाही.

आणि दुःखात मनुष्य करू नये ते करितो. महाराजांचे मनात आले की तांबे ते तांबे, देवघरातील असो की पेटीतील, आणि कळंकास चिंचेसारखा वैरी नाही. मग चिंचेचा कोळ केला, त्यात मूठभर मीठ घातले, आणि मोरीवर पाट मांडून, नारळाची शेंडी घेऊन, देवाची उपकरणी घासावी तैसा बोर्ड घासिला. घासता घासता दोन रस्ते उपटोन शेंडीस लागोन आले. इतक्यात राणीसाहेब आल्या. त्यांणी बोर्ड हातातून ओढोन घेतला, फडक्यात गुंडाळिला आणि चपला घालून तांबट आळीत गेल्या. राणीसाहेबांस पेटीचा इतका कळवळा असेल ऐसे मजला ठाऊक नव्हते, महाराजांसही नव्हते.

तांबट आळीत सुनंदा तांबट म्हणोन एक कर्त्या बाई. आजेपणजे हंडे ठोकीत, या टीव्ही-रेडिओ दुरुस्त करितात. त्या भिंग, दिवा, सोल्डरची तापती सळई ऐसा सरंजाम घेऊन राणीसाहेबांसंगे घरी दाखल जाहल्या, बोर्ड हुंगिला आणि विचारिले की यास आमटीचा वास का येतो. महाराजांनी चिंच, मीठ, शेंडी सर्व कबूल केले. बाई बोलिल्या की आंबटाचा विचार खोटा नव्हता, खारास आंबटच उतारा, पण मीठ घालून घात केला आणि शेंडीने कळस केला. महाराजांनी एकच पुसले, नाव वाचेल काय.

"काका, जुनी बॅटरी ठेवली तर ती बोर्ड खाईल, आणि नुसती काढली तर नावं पुसली जातील," सुनंदाबाई बोलिल्या. "आधी नवी तिच्या शेजारी जोडते, मग जुनी काढते. पण तुमच्या चिंचेनं आत काय शिल्लक ठेवलंय ते चालू केल्यावरच कळणार."

मग मोहीम सुरू जाहली. नवी बॅटरी दोन तारांनी जुनीचे शेजारी उभी केली, जैसा नवा कारभारी जुन्याचे मांडीस मांडी लावून बसवावा, आणि तारा हलल्या तर सर्वच बुडाले, म्हणोन त्या कोणी तरी धरून बसाव्या ऐसे ठरले. महाराज पुढे सरसावले, परंतु सुनंदाबाईंस शेंडीचा विसर पडला नव्हता. राणीसाहेबांनी पदर खोचला आणि दोन घटका तारा ऐशा धरिल्या की श्वासही जपून घेतला. जुनी बॅटरी कापून काढिली आणि उकिरड्यावर न टाकिता बरणीत कैद केली. मग कापसाने व्हिनेगर लावून खार मारिला, स्पिरिटाने धुतले, रस्ते खरवडून तांबे लखलखीत केले, त्यावर कथलाची कल्हई दिली, आणि जे रस्ते शेंडीसंगे स्वर्गवासी जाहले त्यांचे जागी केसासारख्या तारांचे पूल बांधिले. चार दिवस लागले. महाराज दर तासास येऊन विचारीत, आणि पाचवे वेळी बाईंनी त्यांस भाजी आणावयास पाठविले.

पाचवे दिवशी बाईंनी आपले दुकानातील जुना पडदा आणोन जोडिला आणि कळ दाबिली. पेटीने सूर वाजविले. महाराजांचे डोळ्यांस पाणी आले. मग पडद्यावर दहा ओळी उमटल्या आणि महाराजांनी बोट लावून वाचिले. दुसरे ओळीत सी टी बी, दोन लक्ष चौदा हजार, ते महाराज. पहिले ओळीत के एम डी, दोन लक्ष एकतीस हजार. महाराज बोलिले की चिंचेने अक्षरे बिघडली. सुनंदाबाई बोलिल्या की चिंच अक्षरे खाते, लिहीत नाही.

"ती मी," राणीसाहेब बोलिल्या. "तुम्ही पेढे वाटायला गेलात. झाडून झालं. पदराला एक रुपया होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पेढे वाटून झाले होते. आणि आत लिहिलेलं होतंच की."

टेबलावर तार कापावयाची पक्कड पडली होती, नव्या बॅटरीची तार समोर होती, आणि ती एकदा कापिली की दहाही ओळी कोऱ्या होणार हे खोलीतील चौघांस ठाऊक होते. खरे लिहितो, माझे मनात आले की कापावी. महाराजांचे पराक्रमावर या हाताने सात बखरी लिहिल्या होत्या, त्या एका दमात खोट्या पडत होत्या. महाराजांनी पक्कड उचलिली. राणीसाहेबांनी अडविले नाही. त्या पडद्याकडे पाहात होत्या, आपले नाव त्यांणी त्या एका दुपारनंतर आजच पाहिले होते. महाराजांनी ते पाहिले.

"शेवटचं मोठं विमान पाडलंस?" त्यांणी पुसले. "मला ते कधी पडलं नाही."

"पाडायचं नाही. त्याच्या पोटाखाली गप्प थांबायचं. ते आपणच दमून निघून जातं."

महाराजांनी हे ऐकोन बराच विचार केला आणि पक्कड सुनंदाबाईंचे पिशवीत ठेविली. मग पेटीसमोर स्टूल ओढिले, राणीसाहेबांस बसविले, आणि आपण पाठीमागे उभे राहिले.

सारांश, मुलूख वाचला, किल्लेदार बदलला, रस्ते वाहते जाहले. महाराजांची आज्ञा ऐसी की पूर्वीच्या सातही बखरींत जेथे महाराज पहिले ऐसे आहे तेथे राणीसाहेब वाचावे, आणि हे टपरीवरही सांगावे. ते स्वतःच जाऊन सांगोन आले. मी कारण पुसिले. बोलिले, "एकोणीस वर्षं मी पहिला होतो, तो हिच्या मर्जीनं." हे त्यांचे शब्द, यात माझे पदरचे काही नाही.