कोरडी गोळी

सेलोकरकाका कोणाच्याही घरी गेले की पाणी घेत नाहीत, औषधांचा डबा मागतात. "पानी राहू द्या, गोळ्या दाखवा," म्हणत पायरीवर बसतात, खिशातून भिंग काढतात आणि एकेक पट्टी उजेडात धरून न्याहाळतात. पवनीतल्या आमच्या गल्लीत कोणाला बीपी, कोणाला साखर आणि कोणाला मूळव्याध, हे डॉक्टरांच्या आधी काकांना ठाऊक असतं.

नागपूरकडच्या एका औषध कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली, तीही तपासणीच्या खोलीत. गोळीतलं खरं औषध म्हणजे सॉल्ट. त्याचे स्फटिक कोणत्या आकाराचे, भेसळ किती, ओल किती, हे बघता बघता त्यांचे केस पिकले. "नाव एकच, रूप अलग," हे त्यांचं पालुपद. औषध तेच, पण स्फटिक वेगळ्या रूपात जमला, तर एक पोटात विरघळतो आणि दुसरा जसाच्या तसा बाहेर पडतो. ही माहिती ते लग्नाच्या पंगतीत देतात, आपल्या हातात घास असताना. पानातलं मीठही भिंगाखाली जातं. "चौकोनी आहे, जेवा," अशी परवानगी मिळाली की आम्ही जेवतो. निवडणुकीत एकाच आडनावाचे दोन उमेदवार दारात आले, तेव्हाही काकांनी त्यांना "नाव एकच, रूप अलग" हेच ऐकवलं. दोघेही खूश होऊन गेले.

मला मात्र या माणसाचा वैताग यायचा. मी शाळेत शिकवते, घरी आई आणि मी दोघीच. आईला फिट येण्याचा, झटक्यांचा आजार आहे. गोळीने झटके थांबले होते, ते यंदा श्रावणात पुन्हा सुरू झाले. पंधरा दिवसांत तीन. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर गोळी वाढवावी लागेल. आहे त्या गोळीनेच आई दुपारभर पेंगायची. वाढवली तर ती अंथरुणालाच खिळणार, हे तिलाही कळत होतं. "मले निजवून नको ठेवू, बाई," ती म्हणाली, आणि मला रडू आलं.

त्याच दिवशी काका हजर. मी मुकाट्याने डबा पुढे केला. सात खणांचा, सात वारांचा, यंदाच मोठ्या हौसेने आणलेला. दर रविवारी मी आठवड्याच्या गोळ्या पट्टीतून काढून त्यात भरायची आणि डबा गॅसच्या ओट्यावर ठेवायची, जेवण झालं की गोळी हाताशी. काकांनी गोळीला बोट लावलं, तर ती बोटालाच चिकटली.

"पट्टीतून कोनं काढल्या?"

"मीच. आईला पट्टी फाडता येत नाही."

"काहून काढल्या, बाई? सोडियमचं सॉल्ट आहे हे. हवेतलं पानी पिऊन राहिलं. याचं रूपच गेलं आता."

माझं डोकं फिरलं. "काका, तुम्ही मीठ तपासा. माझ्या आईची गोळी डॉक्टर तपासतील."

ते चिडले नाहीत. नव्या पट्टीतून एक गोळी काढून त्यांनी ती बशीत ठेवली, बशी ओट्यावर ठेवली आणि निघून गेले. संध्याकाळी शाळेतून आले तर ती कोरडी गोळी ओली होऊन चकाकत होती. दुसऱ्या दिवशी डबा आणि बशी घेऊनच मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गोळी वाढवली नाही. नवी पट्टी दिली आणि गोळी घ्यायच्या वेळीच ती फोडायला सांगितलं. पुढे महिनाभर एकही झटका आला नाही.

मग आईच म्हणाली, सेलोकरभाऊकडे जाऊन येऊ. तिला हाताला धरून नेलं. मी माफी मागितली आणि विचारलं, "काका, तुम्हाला बोट लावताच कसं कळलं?"

काकांनी भिंग पुसायला घेतलं.

"तुह्या काकूलेही हेच गोळी होती. बाजारच्या मालावर माहा भरोसा नव्हता. महिन्याच्या गोळ्या आनल्या का मी साऱ्या पट्टीतून काढत होतो, एकेक भिंगाखाली पाहत होतो अन् डबीत भरून ठेवत होतो. साऱ्या शुद्ध होत्या, बाई. पाहून पाहून मीच वल्या केल्या. एक दिवस झटका आला, धुन्याच्या दगडाजवळ पडली ते, उठलीच नाई. डॉक्टर म्हने, होते असं. गोळ्या म्या वल्या केल्या, हे पोराले अजून सांगतलं नाई मी."

या माणसाला मी काय बोलले होते, आणि तो दारोदार कशासाठी बसत होता! लाज वाटली मला.

आम्ही या गल्लीत आलो तेव्हा काकू हयात नव्हत्या. आईने विचारलं, "नाव का होतं जी तिचं?"

"देवका." काका थांबले. "मी देवके म्हनत होतो."

"मंग म्हना न, भाऊ."

काकांनी आमच्याकडे पाहिलं. मग मान वळवून घरात तोंड केलं आणि स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात हाक मारली, "देवके!"

त्यांनी पुन्हा हाक मारली.

"मारा हाक, भाऊ," आई म्हणाली. "आमी बसतो." आणि आम्ही बसलो.