अख्खा घोडा आणि अर्धा सुदाम

पौषात लग्नं नसतात. वरातीचा घोडा तेव्हा बसून खातो, आणि बसून खाणारा घोडा नवशा घोडेवाल्याला बघवत नाही. नेमकं त्याच पौषात लडकूनं बायकोची, म्हणजे जिवलीची, शेळी विकून कॅमेरा घेतला. (जिवलीला विचारलं नव्हतं. शेळीलाही नाही.)

लडकूचा बेत सोपा होता. म्हशाच्या जत्रेत घोडा उभा करायचा. ज्याला हौस असेल त्यानं पैसे मोजायचे, फेटा बांधायचा, वर बसायचं. नवशा घोडा फुकट द्यायला तयार झाला, पण एका अटीवर.

"घोड्याचे चारी पाय फोटोत आले पायजेत. एक जरी कापलास, तर लोकं म्हनतील नवशाचा घोडा लंगडा. मग वैशाखात मला कोन बोलवील?"

"येतील रे. चार काय, सगळे येतील," लडकू म्हणाला.

जिवलीचीही अट होतीच. "शेळी गेली ती गेली. पन माझ्या भावाचा, सुदामचा फोटो झकास काढा. किन्हवलीच्या पोरीकडं धाडायचाय. ही सोयरीक मोडली, तर तुमी आनि तुमचा कॅमेरा, दोघं गोठ्यात निजा. शेळीची जागा मोकळीच हाय."

जत्रेत झुंबड उडाली. लडकूच्या पाठीशी कुणाचा तरी खिलार बैल बांधलेला, त्यामुळे मागं सरायची सोय नाही. समोर घोडा. लडकू एक डोळा मिटून खूर मोजी. एक, दोन, तीन... की घोडा पाय उचली. पुन्हा पहिल्यापासून. चार भरले की खटका! वरची माणसं छाती काढून, मिशा पिळून, जावयासारखी बसत. सुदाम तर असा ताठ बसला की फेट्याचा तुरा आभाळात.

आठ दिवसांनी मुरबाडहून फोटो धुऊन आले. घोडा असा आला होता की आता बोलेल. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत चारी खूर. आणि छत्तीसच्या छत्तीस फोटोंत माणसाला मुंडकं नाही.

गिऱ्हाइकं बायकांना घेऊन आली. कुठला फोटो कुणाचा, ते बायकांनी पायांवरून ओळखलं. "हा आमचाच गो, आंगठ्याला ठेच हाय." "छा! आमचे पाय एवढे काळे नाय!"

सुदामचा फोटो मात्र लडकूनं बघितला आणि पटकन पालथा घातला. सोयरीक जमवणारी बाईजा दारात उभी राहून कावली होती. "दे रे लवकर, एसटी जाईल माझी!"

"कसा आलाय?" जिवलीनं चुलीपासून विचारलं.

"भरदार," लडकू म्हणाला आणि पाकिटाला डिंक लावला. (जरा जास्तच लावला.)

चौथ्या दिवशी किन्हवलीहून जीप भरून माणसं आली. लडकू पेंढ्याच्या उडवीमागं जाऊन बसला. मुलीची आजी रंगू खाली उतरली आणि तिनं फोटो पुढं धरला.

"घोडा बघितला. पाय बघितले. चपला नव्या हाईत. आता वरचा नवरा दाखवा. हाय का नाय, तेच बघाया आलोत."

सुदाम बाहेर आला. म्हातारीनं त्याला मानेपासून वर सावकाश न्याहाळला. "हाय गो, मुंडकं हाय! आनि बरं हाय!"

सुपारी तिथंच फुटली. तशी लडकू पेंढा झटकत बाहेर आला. "अख्खा फोटो धाडला असता, तर घरी बसून नाय म्हनले असते! माझ्या फोटोनं जीप भरून आनली." त्या दिवशी तो कॅमेरा गळ्यात घालूनच जेवला.

वैशाखात लग्न झालं. फोटोला मुरबाडचा माणूस बोलावला. लडकूला नवशाच्या घोड्याचा लगाम धरायला दिला.

अल्बम आला तेव्हा अख्खी वाडी ओटीवर जमली. नवरा अख्खा, घोडा अख्खा, खूर चार. लडकू कुठंच नाही. कडेला लगाम धरलेला नुसता एक हात.

"हा कुनाचा गो?" बाया विचारू लागल्या.

जिवलीनं फोटो उजेडाला धरला. "आमच्या ह्यांचा," ती म्हणाली. "मी नाय ओळखनार? ह्याच हातानं माझी शेळी बाजारात नेली."