बारा एकर बत्तीस गुंठ्यांचा लॅपटॉप

ज्या वस्तूचे उपयोग दोन, तिचे हक्कदार दोन. आणि जिचे हक्कदार दोन, तिची वाटणी आज ना उद्या होतेच. हा निसर्गनियम आहे. मग ती विहीर असो, आंब्याचं झाड असो, नाहीतर म्हातारे आई-बाप असोत. (शेवटच्या प्रकारात हक्कदार कमी पडतात, पण वाटणी सगळ्यात काटेकोर होते.)

मी आमच्या भावकीचा पंच आहे. आजवर माझ्या हातून सव्वीस वाटण्या झाल्या. त्यातल्या फक्त एकोणीस कोर्टात गेल्या, आणि डोकी फुटण्याचं प्रमाण तर शेजारच्या गावांपेक्षा बरंच खाली आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही. गेम खेळायला आणि रोजच्या कामाला कोणती ऑपरेटिंग सिस्टीम निवडावी, या विषयावर बोलणारा तू कोण, असं कुणी विचारू नये म्हणून सांगतो.

आता ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय ते थोडक्यात. कॉम्प्युटर हे वावर धरलं तर ऑपरेटिंग सिस्टीम हा सालगडी. वावर कितीही काळंभोर असू द्या, सालगडी धड नसेल तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नुसतं बघत बसावं लागतं. यापेक्षा जास्त मला माहीत नाही आणि निर्णय द्यायला त्याची गरजही पडली नाही.

माणिकराव हा माझा चुलत भाऊ. त्याला थोरली आरोही आणि धाकटा हरीश. आरोहीनं सेनगावात शिकवण्या घेतल्या आणि त्या कमाईतून एक लॅपटॉप आणला, जुना पण चालता. त्यात जी सिस्टीम होती ती विकतची होती, पण विकत घेतलेली नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात त्याबद्दल पुसट अक्षरांत सूचना यायची. हरीशला ते कंपनीचं घोषवाक्य वाटायचं.

मग पुण्याच्या एका कंपनीनं आरोहीला मुलाखतीला बोलावलं. नोकरी घरी बसून करायची. मुलाखत सोमवारी सकाळी, लॅपटॉपवरच. अट एकच, की कॉम्प्युटर स्वतःचा पाहिजे आणि त्यात चोरीचा माल नको. म्हणून आरोहीनं ठरवलं की ओपन सोर्स सिस्टीम टाकायची. ती फुकट असते आणि कायदेशीरही असते. (हे दोन शब्द आमच्या तालुक्यात एका वाक्यात बहुधा पहिल्यांदाच आले.)

"मिंट नावाची हाय काका. साधी हाय, रोजच्या कामाला बराबर पुरती. तासाभरात होतंय," ती म्हणाली.

तासाभरात झालंही असतं. पण हरीशनं विचारलं, "त्याच्यावर गेम चालंल का?" आणि इथं उपयोग दोन झाले. पुढं काय करायचं ते निसर्गनियमात आलेलंच आहे.

बैठक माणिकरावाच्या ओसरीवर बसली. पंच दोन: एक मी, दुसरे तातेराव. तातेरावांना गावातल्या प्रत्येक घराची वंशावळ सात पिढ्यांपर्यंत पाठ आहे. स्वतःच्या नातवंडांची नावं मात्र मधेमधे चुकतात. जाणकार म्हणून शेजारच्या गोरेगावचा मोबाईलवाला आणणार होतो, पण तो भावकीतलाच निघाला. म्हणून तटस्थ माणूस पार वारंगा फाट्यावरून मागवला. त्याचं नाव प्रमोद. बिचारा एक पेन ड्राइव्ह घेऊन, अर्ध्या तासाचं काम म्हणून आला होता. त्याचा मुक्काम दोन दिवस पडला.

"अशा सिस्टीम किती हायत?" तातेरावांनी चौकशी सुरू केली.

"शेकड्यानं हायत," प्रमोद म्हणाला.

"इतक्या काहून?"

"ज्याला पटत न्हाई तो आपला हिस्सा घेऊन वेगळा निघतो, आन् नवीन नाव लावतो."

हे ऐकल्यावर तातेराव सावरून बसले. इतका वेळ त्यांना हा विषय परका वाटत होता. "म्हंजे भावकीच की," ते म्हणाले, आणि त्यांनी घराण्यांची चौकशी हाती घेतली. निष्पन्न झालं ते असं. डेबियन हा आजा. त्याच्यातून उबुंटू वेगळी निघाली, उबुंटूतून मिंट. दुसरं घराणं फेडोराचं. हरीशला जी पाहिजे होती ती बझाईट त्या घरातली, खास खेळणाऱ्यांसाठी. तिसरं घराणं आर्चचं. त्या घरची माणसं राम राम घालायच्या आधी आपण आर्चचे आहोत हे सांगतात, असं प्रमोद म्हणाला. अशी दोन घरं आमच्या गावातही आहेत, म्हणून ते सगळ्यांना लगेच पटलं.

मालकीचा प्रश्न जरा अवघड गेला. ओपन सोर्सला मालक नाही. कुणीही आत जाऊन बघू शकतो, पाहिजे तर बदलू शकतो, आणि सगळं सगळ्यांचं असतं. अशा जागेला आमच्याकडे गायरान म्हणतात. आमच्या गायरानावर सध्या चार गोठे, एक पिठाची गिरणी आणि एका माजी ग्रामपंचायत सदस्याचं स्लॅबचं घर आहे. ते ध्यानात घेऊन तातेरावांनी विचारलं, "मंग यात आजून कुनी घर कसं बांदलं न्हाई?" प्रमोद म्हणाला की लोक आपसूक सांभाळतात. बैठकीनं त्याच्या भोळेपणाबद्दल मनातल्या मनात खेद व्यक्त केला.

"लेकराची मुलाखत हाय सोमवारी, तेवढं बगा," मंजुळाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. माणिकरावाची बायको, मला वहिनी लागतात.

"वहिनी, तेच तं चालू हाय," मी म्हणालो.

निर्णय झाला की दोन्ही टाकायच्या. एकाच लॅपटॉपात दोन चुली. प्रमोद म्हणाला, हे करता येतं, डिस्कचे हिस्से पाडायचे. आता हिस्से पाडायचे म्हटल्यावर आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. आम्ही त्याला बाजूला बसायला सांगितलं.

मोजणीला एक जीबी म्हणजे एक गुंठा धरला. लॅपटॉपच्या पाठीवरच्या चिठ्ठीवर पाचशे बारा लिहिलेलं, म्हणजे बारा एकर बत्तीस गुंठे. प्रत्यक्ष लॅपटॉप चारशे शहात्तरच दाखवत होता. प्रमोद त्याचं कारण सांगायला लागला तेव्हा तातेरावांनी त्याला हातानंच थांबवलं. "कागदावर एक आन् वावरात एक, हे सगळीकडंच असतंय. कुनीतरी नांगरून नेलं आसंल." चारशे शहात्तर गुंठ्यांची वाटणी एकमतानं अशी झाली:

हरीश, खेळासाठी, दोनशे गुंठे.
आरोही, रोजच्या वापरासाठी, दीडशे गुंठे.
माणिकराव, हयातीपर्यंत, साठ गुंठे. (तो लॅपटॉपला हात लावत नाही, पण बापाचा हिस्सा ठेवला नाही तर लोक तोंडात शेण घालतात.)
दोन्ही हिश्श्यांच्या मधला बांध, वीस गुंठे.
गाडीवाट, पंधरा गुंठे.
सामाईक विहीर, वीस गुंठे. (प्रमोद तिला स्वॅप, म्हणजे अडीनडीची जागा, म्हणत होता. पाणी दोघांनी पाळीनं घ्यावं.)
देवाच्या नावानं, अकरा गुंठे.

"बांध लागत न्हाई हो काका यात," प्रमोद काकुळतीला आला होता.

"आज लागत न्हाई. उद्या ह्याचं खेळणं तिच्या वावरात शिरलं मंग?" मी म्हणालो. त्यानं वीस गुंठ्यांचा बांध टाकला. शिकलेल्या माणसाचं हे एक बरं असतं, त्याला गप्प बसवता येतं.

शेवटचा मुद्दा पाटीचा होता. लॅपटॉप चालू केला की दोन नावं दिसतात, आणि कुणी काही दाबलं नाही तर वरचं आपोआप चालू होतं. वर कुणाचं नाव? लग्नपत्रिकेत नाव खाली गेलं म्हणून आमच्या भावकीत तीन घरं अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत, तेव्हा हा प्रश्न आम्ही हलक्यात घेतला नाही. वयानं आरोही मोठी, पण वारस म्हणून हरीश मोठा, असा विचार करून हरीशचं नाव वर घातलं. आरोही म्हणाली, "काका, सुरू झालं म्हंजे बस. नाव कुटंबी टाका." पोरगी समजूतदार आहे, हे तेव्हाच सगळ्यांच्या लक्षात आलं.

शुक्रवारी रात्री वाटणी पार पडली. दोन्ही सिस्टीम चालू झाल्या. आरोहीनं आपल्या हिश्श्यातला कॅमेरा लावून बघितला, स्वतःला बघून केस सारखे केले आणि हसली. मलाही बरं वाटलं. प्रमोदनं पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि शनिवारी पहिल्या जीपनं जायचं ठरवलं.

शनिवारी सकाळी हरीश आला. त्याचा एक खेळ दीडशे गुंठ्यांचा, दुसरा एकशे वीसचा. दोन्ही मिळून त्याच्या हिश्श्यात मावेनात. (त्याच्या सगळ्यात आवडीचा तिसरा खेळ या सिस्टीमवर चालतच नाही, असंही कळलं. पण तोही उतरवून ठेवायचा त्याचा आग्रह होता.) प्रमोदला जीपमधून उतरवून आणलं आणि बैठक परत बसली.

जमीन कुठून काढायची? माणिकराव अजून हयात आहे. बांध मोडता येत नाही, गाडीवाट अडवता येत नाही. विहीर सामाईक. देवाच्या जमिनीला निदान पहिल्या वर्षी तरी हात लावत नाहीत. एकेक पर्याय असा शास्त्रशुद्ध बाद होत गेला, आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं की गेल्या सव्वीस वाटण्यांत जी गोष्ट आम्ही कधी विसरलो नाही, ती या वेळी लॅपटॉपच्या नादात राहून गेली होती. बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतलेली नव्हती.

"पोरी, तू उद्या लगीन करून जाशीन. तुझा हिस्सा इथं पडीक राहील," तातेराव मायेनं म्हणाले.

"पन काका, लॅपटॉप माझा हाय. मी आनला," आरोही म्हणाली.

"तुझा हाय म्हनून तं सही तुझी लागून राहिली," मी समजावलं. "जेचं काहीच न्हाई त्येची सही घेऊन आमी काय करावं?"

यात तर्काची चूक काढून दाखवा. तिलाही सापडली नाही. ती बापाकडे बघत राहिली. माणिकराव बाहेर म्हैस सुटली का ते बघायला गेला. म्हैस सुटली नव्हती.

"मला लय वाईट वाटून राहिलं, काका," ती म्हणाली.

वाटतंच. माझा अनुभव असा आहे की बहिणीला वाईट वाटल्याशिवाय हक्कसोड टिकत नाही. ज्या हसत हसत सही करतात, त्यांचे नवरे पुढं वकील घेऊन येतात. मंजुळाबाईंनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "मीबी केली व्हती सही. माझ्या भावायनं लुगडं दिलं व्हतं," त्या म्हणाल्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "लुगडं चांगलं व्हतं."

आम्हीही पोरीला रिकाम्या हातानं उठवलं नाही. माउस तिच्या नावानं कायमचा करून दिला. शिवाय राखी पौर्णिमेला आणि दिवाळीत दोन-दोन दिवस माहेरपण म्हणून लॅपटॉप वापरायची मुभा. मुलाखतीपुरता हरीशनं द्यावा, असंही ठरलं. हरीश तोंडभरून हो म्हणाला. आरोहीनं सही केली. प्रमोदनं मिंट पुसली. पुसताना लॅपटॉपनं त्याला विचारलं, खात्री आहे का? त्यानं आमच्याकडे बघितलं. आम्ही मान हलवली.

सोमवारी सकाळी हरीशनं शब्द पाळला, लॅपटॉप बहिणीसमोर ठेवला. पण रात्रीपासून त्याचा खेळ उतरत होता. तो उतरेपर्यंत घरातलं सगळं इंटरनेट तोच पिऊन टाकत होता, आणि मधेच थांबवला तर पहिल्यापासून सुरू होतो, असं हरीशचं म्हणणं पडलं. भावाचं इतकं नुकसान कोण करील? आरोहीनं आईचा मोबाईल कोनाड्यात उभा केला आणि समोर स्टुलावर बसली. मी ओसरीवरच होतो, म्हणून सगळं ऐकू आलं. उत्तरं चांगली दिली पोरीनं. इंग्रजीसुद्धा बोलली. मुलाखत घेणाऱ्या बाई पलीकडून खूश वाटत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "काम घरूनच आहे. तुमचा स्वतःचा लॅपटॉप आहे ना?"

"होता," आरोही म्हणाली.

कळवतो म्हणून सांगितलं त्यांनी. कळवलं नाही. आरोही परत सेनगावला शिकवण्यांना जाते, माउस पिशवीत असतो. तो ती कशाला जोडते ते मी विचारलं नाही.

या वाटणीचा बोलबाला झाल्यापासून मला सेनगावापासून कळमनुरीपर्यंतचे फोन येतात. काका, गेमला कोणती चांगली? रोजच्या कामाला कोणती? दोन्ही टाकल्या तर जागा पुरंल का? लोकांना वाटतं यात फार खोल ज्ञान लागतं. मी फक्त विचारतो, घरात बहीण आहे का? आहे म्हणाले की सांगतो, मग कोणतीही टाका, जागा पुरते. तुम्हालाही हेच विचारायचं असेल तर फोन करायची गरज नाही. तुमच्या घरात जागा कशी पुरली, ते तुम्हाला माहीत असेलच.