गाव नही, ते चावी नही

नामदेवअप्पा देवळात जाताना चपलांना कुलूप लावतात. दोन्ही अंगठ्यांतून बारीक साखळी ओवायची, तिला बोटाएवढं कुलूप, आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला. एकदा आरती चालू असताना चपला गेल्या, कुलपासकट. अप्पांना काळजी पडली ती चोराची. "आते तो चाली कसा?"

गुजराती मुलखातल्या या नवागामात आमच्या भिंतीला त्यांची भिंत. मूळचे धुळ्याकडचे, सगळी उमर पावरलूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, गेली. मी परभणीचा, इथल्या मराठी शाळेत मास्तर. अप्पा घरात अहिराणी बोलतात, शेठशी गुजराती बोलायचे. पाण्याच्या पिंपाला कुलूप, सायकलला दोन, डाळीच्या डब्यालाही एक. जिन्यात आधी किल्ल्या वाजतात, मग अप्पा दिसतात. सिंधूकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, हसायच्या. "चोर उना ते कुलपंच लई जाई. दुसरं शे काय घरमा?"

काकू गेल्या वर्षी गेल्या.

त्यांची मुलगी संगीता नाशिकला असते. तिनं आईला पाककृतींच्या एका संकेतस्थळावर खातं उघडून दिलं होतं. आपण बोलायचं, ते लिहून घेतं. काकूंनी फुनके, कळण्याची भाकरी, शेवभाजी, सगळं तिथे सांगून ठेवलं होतं, आपल्याच बोलीत. पासवर्ड मात्र अप्पांनी बदलायला लावला. "पोरले बी सांगू नको," म्हणाले. तो पासवर्ड आता जगात एकट्या अप्पांना ठाऊक.

आता संगीता पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. फोनवर म्हणाली, "अप्पा, माले फुनका खावाना शेतस. माय करे तसाच." त्या दिवसापासून अप्पांची झोप उडाली. फुनके म्हणजे तुरीची डाळ जाडीभरडी वाटून, मुटके वळून वाफवायचे आणि कढीबरोबर खायचे. ऐकायला सोपं. अप्पांचे पहिले मुटके वाफेत फुटून पिठलं झाले, दुसरे असे झाले की फेकून मारले असते तर माणूस जायबंदी झाला असता.

संगीतानं यावर उपाय काढला. तिनं अप्पांच्या फोनमध्ये एक एआय मदतनीस बसवून द्यायला मला सांगितलं. हात पिठात असले तरी नुसतं बोलायचं, तो संकेतस्थळावर जाऊन काकूंची कृती आणणार आणि पायरीपायरीनं वाचून दाखवणार. अट एकच, काकूंचं नाव आणि पासवर्ड त्याच्याकडे एकदा जतन करून ठेवायचा. मी सगळं बसवलं आणि फोन अप्पांच्या हातात दिला.

अप्पांनी खाकरून विचारलं, "तुनं गाव कोनतं?"

मदतनीस अदबीनं म्हणाला, "मी एक संगणकप्रणाली आहे. मला गाव नाही."

"तुले वळखस कोन आठे?"

"मी तुमच्या मदतीसाठी आहे. पासवर्ड जतन करू का?"

"गाव नही, ते चावी नही," अप्पा म्हणाले आणि फोन माझ्याकडे सरकवला. "मास्तर, खातामा कारीगर ठेवाना व्हयना ते कोनी तरी सांगनारा लागे, हाऊ मना गावना शे म्हनीसन. याना बाप कोन, काका कोन?"

मी चिडलो. म्हटलं, "अप्पा, पोरगी रविवारी येतेय. फुनके करायचेत की याची सोयरीक जुळवायचीय? एकदा भरा. मग तोच जाईल, तोच आणेल. तुम्हाला परत तिथे जायला नको."

अप्पांनी मान वर केली. "म्हंजे माले जावानं कामच नही?"

"अजिबात नाही."

मला वाटलं, जिंकलो. अप्पांनी फोन घेतला, पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं.

शनिवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. डाळ वाटून तयार होती, अप्पांचे हात कोपरापर्यंत बरबटलेले. एका बोटानं ते पासवर्ड टाकत होते आणि माझ्याकडे पाठ करून उभे होते, मला दिसू नये म्हणून. दोन ओळी वाचून होतात न होतात तोच पडदा विझायचा. की पुन्हा पहिल्यापासून. मला राहवलं नाही, मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. खातं उघडलं होतं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "या सिंधूबाई! आज काय शिजवायचं?"

अप्पा पान खाली सरकवतच नव्हते. तिथेच थांबले होते.

"फुनका, व," बायकोला हाक मारावी तसं ते हळूच त्या अक्षरांना म्हणाले.

मग मी मागे आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. लाजले. पिठाचा हात कपाळाला लावून म्हणाले, "मास्तर, रेशनकारडमातून तिनं नाव काढं. मतदार यादीमातून काढं. बँकमा गऊ, तठे बी काढं. बठ्ठास्नी काढी टाकं. ह्या लोकेस्लेच अजून माहीत नही. रोज तिले ‘या’ म्हनतस. तो तुमना मदतनीस जाई, नि फुनका लई येई. ‘या’ म्हनतस ते त्याले काय ऐकू येवाव शे?"

मी स्टूल ओढून बसलो, कृती मोठ्यानं वाचू लागलो आणि अप्पा मुटके वळू लागले. काकूंनी सांगून ठेवलं होतं, "दाय जाडी भरडानी. नि ह्यास्ले मीठ टाकू देवानं नही." अप्पांनी मुकाट्यानं मिठाचा डबा माझ्याकडे दिला.

रविवारी संगीता आली. अवघडलेली, दमलेली. पाय पसरून भिंतीला टेकून बसली आणि कढी ओतून पहिला घास घेतला. चावता चावता थांबली. डोळे पुसले, आणि पुढचा घास घेतला.

अप्पांनी हात धुतले, पेटीचं कुलूप काढलं आणि फोन आणून तिच्या मांडीवर ठेवला. मग वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. इतक्या वर्षांत अप्पांनी कुणाला चावी दिलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

संगीतानं एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर काय आलं ते वाचलं आणि तिची बोटं तिथेच राहिली. तिनं अप्पांकडे पाहिलं.

"सांग ना तिले," अप्पा म्हणाले. "सकाय काय खावानं शे, ते सांग."