जावयाचं पिवळं

रावजी उतेकरांनी त्या दिवशी एवढंच ठरवलं होतं, की फोनवर "काय?" म्हणायचं नाही. बाकीचं सगळं आपोआप झालं.

ठरवायला कारण होतं. त्यांची बायको आवडी हल्ली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटली होती, की ह्यांना ऐकायला कमी येतं. रावजींचं म्हणणं, कान ठणठणीत आहेत, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आपल्या वाडीत रेंजच कमी येते. (दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण नवरा-बायकोच्या वादात दोघांचं खरं असायची सोय नसते.) त्यामुळे मुंबईहून सेजलचा फोन आला तेव्हा रावजी मुद्दाम आवडीच्या समोर, अंगणातल्या पेरूखाली, जिथे रेंजची एखादी काडी हमखास मिळते तिथे, ताठ उभे राहिले.

सेजल म्हणजे त्यांची एकुलती लेक. गेल्या मे महिन्यात लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली.

"बाबा, शनिवारी येतोय आम्ही. जोडून सुट्टी आहे. आणि आईला सांगून ठेवा, रितेशना..." इथे डोंगराने दोन शब्द गिळले. "...पिवळं... डॉक्टरांनी... तीन महिने... नुसतं पांढरं चालेल. लक्षात ठेवा हां."

खरं तर इथे "काय?" विचारायला हवं होतं. रावजींनी आवडीकडे पाहिलं. आवडी त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या कानाकडे, टक लावून बघत होती.

"समजलं, समजलं," रावजी म्हणाले आणि फोन बंद केला.

"काय म्हनते?"

"शनवारी येतायत."

"आनी?"

रावजी पायरीवर बसले. तीस वर्षं त्यांनी फोर्टातल्या एका कंपनीत शिपाई म्हणून काढली होती. तिथले साहेब अर्धंच वाक्य बोलायचे आणि उरलेलं रावजींनी ओळखायचं. पिवळं, डॉक्टर, तीन महिने. असल्या गोष्टी जुळवायला त्यांना वेळ लागत नसे.

"आवडे," ते हळूच म्हणाले, "जावयाला कावील झालीय गो."

लग्नाला वर्ष नाही झालं आणि हे काय. आवडीने डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम म्हणाली, "तुमी नीट ऐकलंत ना?"

"डॉक्टर, तीन म्हयने, सगला हिशोब सांगितला पोरीनं. आता एक ध्यानात ठेव. त्यांना काय एक इचारायचं नाय. सोयरीक नवी हाय. आजारी मानसाला आजार इचारला की तो खचतो. आपून गुपचूप पथ्य सांभालायचं."

पथ्य आवडीला पाठ होतं. हळदीचा डबा माळ्यावर गेला. तेलाची बुधली त्याच्या शेजारी गेली. प्रश्न उरला कोंबड्यांचा. काविळीत अंडं वर्ज्य, आणि उतेकरांच्या कोंबड्या अशा, की अंडं घातलं की साऱ्या वाडीला ओरडून सांगायच्या. जावयाला मोह नको म्हणून आवडीने सगळ्या कोंबड्या डालग्यात कोंबून शेजारच्या ठकूबाईकडे नेऊन ठेवल्या. कशासाठी, ते सांगावं लागलं. कुणाला बोलू नको, हेही सांगितलं. (संध्याकाळी रावजी दुकानात काडेपेटी आणायला गेले, तर दुकानदारानेच विचारलं, जावईबापूंचं रक्त तपासलं का म्हणून.)

शनिवारी रावजी वाडीतल्या साहिलची रिक्षा घेऊन वीर स्टेशनला गेले. गाडी आली. सेजल उतरली आणि तिच्या मागून रितेश उतरला, डोळ्यांवर काळा गॉगल. माणूस उगाच डोळे झाकत नाही. त्यात रितेश पाया पडायला वाकला तेव्हा त्याचे दंड दिसले. लग्नात बरे दंडाएवढे दंड होते, आता पार मांडीएवढे झाले होते. (रितेश सहा महिने जिमला जात होता. रावजींच्या हिशोबात ती अंगावरची सूज होती.)

महाडात त्यांनी रिक्षा रसाच्या गाडीपाशी थांबवायला लावली. काविळीवर उसाचा रस चांगला. रितेशने हात जोडले.

"नको मामा. शुगर पूर्ण बंद आहे."

रावजींनी स्वतःचा ग्लास तसाच परत केला. कावीळ आणि वर साखर. सेजलकडे पाहिलं, तर ती बर्फ जास्त घालून दुसरा ग्लास मागत होती. पोरीचं काळीज दगडाचं झालंय, की ती तोंडावर हसू ठेवतेय, त्यांना कळेना. कशेडीच्या दिशेने रिक्षा धावत होती आणि रावजी वाटभर जावयाच्या गॉगलच्या फटीतून डोळ्याचा कोपरा दिसतो का बघत होते. रितेशला वाटलं, सासऱ्यांना गॉगल आवडलाय. त्याने काढून दिला. रावजींनी तो घातला, आणि मग त्यांना सगळंच काळं दिसू लागलं.

घरी पान वाढलं. पांढरं वरण, पांढरा भात, मिठाच्या पाण्यात उकडलेला दुधी, तांदळाची भाकरी. रितेश पानाकडे बघून भारावला.

"मामी, तुम्ही ऑइल पण नाही घातलं? ग्रेट. एवढं तर आमच्या घरी पण कोणी सांभाळत नाही."

"तुमी बरं व्हा, म्हंजे झालं," आवडी म्हणाली आणि लगबगीने आत गेली.

सेजलने एक घास खाल्ला. "आई, हळद संपली का गं?"

"असू दे आता," आतून आवाज आला.

रात्रीही तेच. आईने डाएट जरा जास्तच मनावर घेतलेलं दिसतंय, असं म्हणून सेजल झोपून गेली आणि सकाळी उठून विहिरीवर मैत्रिणीशी गप्पा मारायला निघून गेली.

रितेश मात्र पहाटेपासून एकाच गोष्टीची वाट बघत होता. रोज नाश्त्याला सहा अंड्यांचं पांढरं खाणारा माणूस तो. गावठी अंडी म्हणून तर तो इतका लांब आनंदाने आला होता. समोर आली पातळ पेज. त्याने ती प्यायली, थोडा वेळ थांबला आणि लाजत विचारलं, "मामी, अंडी आहेत का?"

आवडीला वाटलं, पेशंटला नेमकं कुपथ्याचंच खावंसं वाटतं.

"नाय हो पावनं. कोंबड्या नायत घरात."

"कुठे गेल्या?"

आवडीला खोटं बोलायची सवय नव्हती. "गावाला गेल्यात," ती म्हणाली.

रितेश शहरातला मुलगा. कोंबड्यांबद्दल त्याला फार माहिती नव्हती आणि सासूला खोटं पाडायचं धाडसही नव्हतं. "कधी येतील?" एवढंच त्याने विचारलं.

पोटात पेज घेऊन तो अंगणात जोर मारायला उतरला. विसाच्या आसपास गेला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. पायरीचा आधार घेऊन तो बसला. रावजी हे खिडकीतून बघत होते. आता मात्र त्यांचा धीर सुटला. सोयरिकीची लाज मोठी की लेकीचं कुंकू? ते तडक ठकूबाईकडे गेले.

ठकूबाईच्या हाताला काविळीचा गुण आहे, असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं. ती तयारीतच होती. एका वाटीत हातांवाटे कावीळ उतरवायचं चुन्याचं पाणी, हातात काड्यांची बारीक माळ. ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरत जाते तशी माळ खाली सरकते. तिच्या मागोमाग वाडीतली माणसं आली आणि सहज आल्यासारखी अंगणात उभी राहिली.

एवढी माणसं बघून रितेशला वाटलं, नव्या जावयाचा सत्कार असणार. त्याने शर्ट नीट केला. ठकूबाईने डोक्यावर माळ ठेवली, त्याने मान झुकवून ती घेतली आणि तिच्या पाया पडला.

"लेकरा, जेवन जातंय का?"

"जातं की. पण मिळत नाहीये," रितेश भुकेच्या भरात खरं बोलून गेला.

"लघवी कशी होते?"

रितेशने आजूबाजूला पाहिलं. अर्धी वाडी उत्तराची वाट बघत होती. "व्यवस्थित," तो म्हणाला.

"रंग?"

ठकूबाई त्याचे हात चुन्याच्या पाण्यात चोळत असतानाच सेजल विहिरीवरून आली. डोक्यावर माळ, हात वाटीत आणि चेहऱ्यावर शिक्षा झालेल्या पोराचा भाव, असा नवरा तिने पाहिला.

"बाबा, हे काय चाललंय?"

रावजींनी तिला बाजूला घेतलं. "पोरी, आदी सांगायचंस गो. पत्रिका बगताना बोलले असते तरी आमी नाय म्हटलं नसतं. कावील काय, कुनालाबी होते."

"कोणाला कावीळ?"

"तूच नाय का फोन केलास? पिवलं, डॉक्टर, तीन म्हयने."

सेजल म्हणाली, "अंड्यातलं पिवळं, बाबा. त्यांच्या डाएटच्या डॉक्टरांनी अंड्यातलं पिवळं बंद केलंय. नुसतं पांढरं खायला सांगितलंय."

आवडीने नवऱ्याकडे पाहिलं. ते बघणं रावजींनी पुढे बरेच दिवस अंगावर वागवलं.

"रेंज गेली होती," ते म्हणाले.

कोंबड्या घरी आल्या. अंडीही आली. लोक काही हलले नाहीत, कारण जावई पिवळ्याचं काय करतो हे आता सगळ्यांनाच बघायचं होतं. रितेशने ओटीवर बसून एकेक अंडं फोडलं, एका कवचातून दुसऱ्या कवचात अलगद घोळवत पांढरं वाडग्यात पाडलं आणि पिवळं बाजूच्या ताटलीत ठेवलं. गावठी अंड्याचं पिवळं ते, केशरी झाक असलेलं. आवडीचा जीव तुटत होता.

"एवढं काढायचं, तर कोंबडीनं घातलं कशाला?" ती पुटपुटली. रितेशला तिने पांढऱ्याचं आमलेट करून दिलं आणि उरलेल्या पिवळ्याची, माळ्यावरून हळद काढून, झणझणीत भुर्जी केली. रावजींनी ती मान खाली घालून खाल्ली.

सोमवारी पोरं हसत डोंबिवलीला परत गेली. विषय तिथे संपायला हवा होता. पण ठकूबाईचं म्हणणं वेगळंच पडलं. सकाळी माळ घातली आणि दुपारी माणूस वाडगाभर खाऊन उठला, हे साऱ्या वाडीने डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि पिवळं काढून ताटलीत ठेवलेलंही पाहिलं होतं. या दोन गोष्टी मिळून एक औषध तयार झालं आणि ते घाट चढून पलीकडे गेलं.

पंधरवड्याने कशेडीकडचा सोनबा नावाचा गृहस्थ रावजींच्या ओटीवर येऊन बसला. चहा झाला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "ते अंड्यातलं पिवलं काडून मानसाची कावील कशी काडतात, जरा दाकवाल काय?"

"तुमचं रक्त तपासलंत काय?"

"महाडला तपासलं. काय नाय म्हनतात. पन बायकूला माजं डोलं पिवलं दिसतात."

रावजींनी दाराकडे पाहिलं. दारात आवडी उभी होती. एकदाचा निकाल लावावा म्हणून त्यांनी मन घट्ट केलं.

"सोनबा, खरं सांगतो. माज्या जावयाला कावील नव्हतीच. पोरगी फोनवर बोलली येक, मी ऐकलं भलतंच. मला ऐकायला कमी येतं. चूक माजी."

सोनबाने रावजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बरोबर हाय तुमचं. लेकीच्या घरची गोष्ट, बाहेर जायाला नको. मी कुनाला बोलायचा नाय." तो दाराकडे वळला. "वयनी, बाप असावा तर असा. लेकीसाठी मानूस सोताला बहिरा म्हनवून घेतो."

आवडीने पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले.

"रडू नका, वयनी," सोनबा कळवळून म्हणाला. "जावय बरं झालं ना. बास."