आगंतुकांची वही, अथवा उस्ताद हैबतराव यांचे बाराव्या महिन्याची हकीकत

श्री. आधीं मैदानास नमन, मग मैदान राखणारांस, आणि नमन उरल्यास मैदानाचे मालकांस. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदा, ते दिवसापासोन हकीकत लिहिली जाते. राज्याचें नांव सांगणें सोयीचें नाहीं. विद्यादानाचें राज्य, लोक त्यास कॉलेज म्हणतात. टेकडीवर इमारती, पायथ्याशीं मैदान, मैदानास वेस, वेशीवर भिकू जमादार. सिंहासनीं महाराज, त्यांस भाषणाचा शौक भारी. दौलतीचा सारा कारभार अंताजीपंत टोकेकर यांचे हातीं, आणि अंताजीपंत ऐसे कीं ताक देतांना आधीं पाणी मोजोन घेतील. त्या राज्यांत कबड्डीचे फौजेवर उस्ताद हैबतराव वाघमोडे. मनुष्य उंचीनें बेताचा, आवाजानें थोर, सोळा साल चाकरी केलेला, आणि सोळा सालांत एकही साल पुरें न भरलेला. हें कैसें, तें ऐकावें.

राज्याचा कायदा ऐसा कीं जो बारा मास सलग चाकरी करील त्याची सनद कायम, मग त्यास दूर करणें तर कारण लिहून द्यावें लागे. कायदा थोरांनीं केला, मोडावा कैसा, म्हणोन अंताजीपंतांनीं तो मोडिला नाहीं, वर्षच मोडिलें. खेळाचे पांचही उस्तादांस सनद अकरा मासांची. ज्येष्ठ लागला कीं पांचांनीं रांगेनें कोठीवर जावें, गळ्यांतील शिट्टी जमा करावी, पावती घ्यावी, आणि एक मास बाहेरचें मनुष्य व्हावें. आषाढ लागला कीं तीच शिट्टी, तोच दोरा, नवी सनद. कबड्डीमध्यें दम तुटला कीं गडी बाद, आणि येथें राज्यच दरसाल उस्तादाचा दम हात घालून तोडीत होतें, आणि त्यास बंदोबस्त म्हणत होतें. एके साली ज्येष्ठ अधिक आला, तेव्हां पंत बोलिले, "देवानेंच दोन दिले, आम्ही काय करावें?" आणि दोन मास शिट्टी कोठींत राहिली.

परंतु श्रावणापासोन लढाया सुरू, आणि ज्येष्ठांत सराव सुटला तर पोरांच्या मांड्या लोणी होतात. म्हणोन हैबतराव ज्येष्ठांतही रोज पहाटे मैदानीं येत, शिट्टी नसे तर टाळ्या पिटीत. खो-खोच्या उस्तादीण सरूबाई पाचर्णे याही तैशाच येत, आणि त्या तर टाळीही न वाजवितां नुसत्या डोळ्यांनीं बारा मुली पळवीत. हें पंतांस पहिल्याच साली कळलें. काम फुकट होतें, तें नको कैसें म्हणावें? परंतु उद्यां म्हणतील आम्ही चाकरींतच होतों. यास्तव हुकूम काढिला कीं ज्येष्ठांत हे येतील तर बाहेरचें मनुष्य म्हणोन येतील, वेशीवर आगंतुकांची वही आहे तींत रोज नांव, कोठून आलें, काम काय, आल्याची वेळ, गेल्याची वेळ लिहितील, खालीं सही करितील. पंत आपले अकलेवर बहुत खूश जाहले. हैबतराव रोज लिहीत. हात जड, अक्षर सरळ, आणि खोटें सुचत नसे, म्हणोन कामाचे रकान्यांत रोज तेंच लिहीत, "मुलांचा सराव घेणें." ती वही कोणी वाचीत नसे.

ऐशा स्थितींत त्या क्रोधी संवत्सरीं ज्येष्ठांत शेजारचे राज्याचा वकील हैबतरावांचे घरीं आला. चहा घेऊन बोलिला, "आमचे महाराज म्हणतात, आपण या महिन्यांत कोणाचेच चाकर नाहीं. आमची सनद घ्या. कायम. बारा महिन्यांची." आणि कागद काढून पुढें ठेविला. गिरजाबाई, उस्तादांचे कुटुंब, दारांतून म्हणाल्या, "अहो, वाचायचं काय त्यात? सही करा आणि मोकळे व्हा. सोळा वर्षं दर ज्येष्ठात मी शेजारणीला सांगतेय, हे सुट्टीवर आहेत म्हणून." हैबतरावांनीं कागद दोनदां वाचिला आणि म्हणाले, "सात पोरं यंदा तयार झालीत. ढाल यंदा आपली आहे. आणि महाराजांनी शब्द दिलाय, ढाल आणा, सनद कायम." बाईंनीं विचारिलें, "शब्द कागदावर आहे?" "महाराजांचा शब्द आहे, गिरजे." "मग झालंच," म्हणोन बाई आंत गेल्या, आणि भांडीं जरा मोठ्यानें वाजलीं.

वकील रिकाम्या हातें परतला, ही वार्ता दरबारीं गेली. महाराज सद्गदित जाहले. तत्काळ दरबार भरविला, हैबतरावांस शाल दिली, श्रीफळ दिलें, आणि निष्ठा या विषयावर दोन घटका भाषण केलें. त्यांत म्हणाले कीं झाडाचें मूळ आणि राज्याचा सेवक एके जागीं शोभतो. मूळ दरसाल एक मास उपटून ठेवितों, हें मात्र बोलावयाचें राहिलें. शाल पांघरतां हैबतराव वांकले, तों पंत कानाशीं बोलिले, "उस्ताद, आज ज्येष्ठ वद्य पंचमी. जातांना वहीवर गेल्याची वेळ लिहावयास विसरूं नका." आणि त्या सत्कारमूर्तीनें शाल खांद्यावर, नारळ बगलेंत, ऐशा थाटानें वेशीवर उभें राहोन आगंतुक म्हणोन सही केली. वाचणारांनीं येथें हंसावें कीं दांत खावे, ज्याचें त्यानें ठरवावें.

मग आषाढ लागला, शिट्टी मिळाली, आणि फौज जी सुटली ती माघापर्यंत थांबली नाहीं. नऊ लढाया दिल्या, नऊही मारिल्या. शेवटची लढाई त्याच शेजारचे राज्याशीं. एका गुणानें ढाल आली. शेवटची पकड सातही पोरांनीं मिळोन घेतली, आणि हैबतरावांचा आवाज तीन दिवस बसला. नगरांत ट्रॅक्टरावर मिरवणूक जाहली, ढालेमागें महाराज, महाराजांमागें पंत, आणि हैबतराव कोठें म्हणाल तर ट्रॅक्टरमागें पायीं, पोरांच्या वहाणा सांभाळीत. मग सनदेची गोष्ट काढावी तों महाराज म्हणत, "पंतांस विचारा," आणि पंत म्हणत, "महाराजांची मर्जी पाहूं." ऐसें करितां करितां विश्वावसु संवत्सर आलें, ज्येष्ठ आला, आणि सतराव्यांदा शिट्टी कोठींत गेली. उस्तादांनीं तो महिना टाळ्या पिटून, सह्या करून काढिला. आषाढ शुद्ध प्रतिपदेस कोठीवर हात पुढें केला, तों पंत बोलिले, "शिट्टी गेली."

"गेली म्हणजे?"

"प्रतापराव मोहोळकर यांस दिली. नामांकित असामी. ढाल आली, आतां राज्याचा लौकिक वाढला, लौकिकास साजेसा उस्ताद पाहिजे."

"पंत, माझी सनद?"

"वैशाख अखेर संपली. आणि कायमचें म्हणाल, तर कायदा बारा मासांचा. तुम्ही तर एकही साल पुरें केलें नाहीं. आम्ही काय करावें?"

आणि हे प्रतापराव कोण? सहा सालांत चार राज्यें फिरलेले. ज्याचें मीठ खाल्लें त्यास उचकीही लागों दिली नाहीं. त्यांस सनद पांच सालांची, कारण त्यांनीं स्पष्ट सांगितलें, त्याहून कमी मुदतीस मी उभाही राहत नाहीं. म्हणजे हिशेब ऐसा ठरला कीं जो जाईल जाईल म्हणतो त्यास बांधून घ्यावें, आणि जो जात नाहीं त्यास दोरीचा खर्च कशास? निष्ठावंत मनुष्य राज्यास भिंतीसारखा. ती आहे म्हणोन तीस टेकावें, खिळे ठोकावे, वर शालेचें चित्र लावावें, आणि नवें दालन काढणें तर आधीं तीच पाडावी. शेजारचे राज्यांत विचारावें, तों तेथील जागा केव्हांच भरली होती.

हैबतराव घरीं आले आणि पाटावर बसोन राहिले. जेवण निवालें. गिरजाबाईंनीं तीन दिवस कांहीं म्हटलें नाहीं, कारण म्हणण्यासारखें सर्व त्या एक साल आधींच म्हणोन बसल्या होत्या. चौथे दिवशीं डाळ निवडतां निवडतां विचारिलें, "अहो, त्या वेशीवरच्या वहीत तुम्ही काय लिहायचा?"

"नाव, वेळ, काम."

"काम काय लिहायचा?"

"मुलांचा सराव घेणें."

बाईंचा हात सुपांत थांबला. "रोज?"

"रोजच. मग दुसरं काय लिहायचं?"

"आणि पंत म्हणतात ज्येष्ठात तुम्ही काम करत नव्हता." बाई उठल्या, सूप बाजूस ठेविलें आणि म्हणाल्या, "सदरा घाला. न्यायाधीशाकडे जायचंय."

श्रावणांत फिर्याद गुदरली. इकडे प्रतापरावांनीं पांच सालांची सनद पांचव्या मासांत कार्तिकीं संपविली. सहावें राज्य अधिक मान देऊन बोलावीत होतें, ते शिट्टीसकट गेले. फौज उघडी पडली, लढाई पंधरा दिवसांवर. तेव्हां अंताजीपंत स्वतां हैबतरावांचे दारीं आले आणि बोलिले, "उस्ताद, जाहलें तें जाहलें. फिर्याद मागें घ्या, वैशाख अखेरची सनद देतों. शेवटीं निष्ठा म्हणोन कांहीं आहे कीं नाहीं?" हैबतराव बोलावयाचे आधींच गिरजाबाई म्हणाल्या, "होती की. तुम्हीच शालीत गुंडाळून परत दिलीत. ट्रंकेत आहे, हवी तर घेऊन जा."

परंतु पोरें कुंपणाबाहेर उभीं होतीं, सातही. हैबतरावांनीं तिकडे पाहिलें. फिर्याद सोडावी तर सतरा सालें पाण्यांत, न सोडावी तर पोरें उघडीं. बहुत वेळ चष्मा पुसून म्हणाले, "पंत, सनद तुमच्याजवळच राहूं द्या. फिर्यादही राहील. मी उद्यां पहाटे येतों, सराव घेतों. बाहेरचा मनुष्य म्हणोन येतों." पंतांस वाटलें, बरें जाहलें, काम फुकट आणि हक्क शून्य. जातांना मुद्दाम भिकूस बजाविलें, "यांची सही रोज घेत जा. चुकवूं नको." भिकू म्हणाला, "मी कधी चुकवलीय, सरकार?"

पौषांत निवाडा बसला. न्यायाधीशांनीं वेशीवरील वह्या मागविल्या. भिकू जमादार सतरा वह्या डोक्यावर घेऊन आला. फेकण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता, म्हणोन त्या देवडीवर खाटेखालीं शाबूत होत्या. न्यायाधीश पानें उलटीत गेले आणि पंतांस पुसिलें, "हा आगंतुक कोण?"

"बाहेरचा मनुष्य, न्यायमूर्ति."

"बाहेरचा मनुष्य पहाटे साडेपांचास येतो, आपले फौजेचा सराव घेतो, दिवेलागणीस जातो, आणि आपण त्यास हाकून देत नाहीं?"

"राज्य उदार आहे."

सभेंत कोणी खोकलें. न्यायाधीश म्हणाले, "उदार कोण, तें वहीवरून दिसतें." मग मोजणी जाहली. सतरा ज्येष्ठ, त्यांत एक अधिक, ऐसे मास अठरा. दिवस पांचशें एकतीस. पैकीं गैरहजेरी नऊ, लेकीचे लग्नाचे चार, तापाचे तीन, थोरले बंधूंचे दिवसांचे दोन. बाकी सह्या पांचशें बावीस, आणि प्रत्येक सहीमागें हुकूम पंतांचाच. दम कोठेंच तुटला नव्हता. जो पुरावा मनुष्यास बाहेर ठेवावयास जमविला, तोच त्यास आंत घेऊन आला. न्यायाधीशांनीं सनद कायम केली, सतरा सालांपासोन, आणि शिट्टी नवी द्यावी ऐसा शेरा मारिला. महाराजांनीं दुसरे दिवशीं अभिनंदनाचें भाषण केलें. विषय तोच.

येथें हकीकत संपावी ऐसें पंतांचे मनांत होतें. परंतु पंतांनीं धडा घेतला होता, आणि तो पंतांसारखाच घेतला. शके एकोणीसशें अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, ज्येष्ठ आला आणि तोही अधिक. उरले चार उस्ताद रांगेनें कोठीवर गेले, शिट्ट्या दोन मासांसाठीं जमा जाहल्या. दुसरे पहाटे हैबतराव वेशीवर आले, तों सवयीनें हात वहीकडे गेला आणि देवडीवर नुसती खुर्ची. भिकू मान खालीं घालोन म्हणाला, "उस्ताद, वही बंद. हुकूम आलाय. वही नाही, म्हणून आगंतुकही आत नाही." वेशीबाहेर सरूबाई पाचर्णे उभ्या, चवदा सालांची चाकरी आणि साल एकही नाहीं. आंत त्यांच्या बारा मुली गजांस धरोन उभ्या.

हैबतराव म्हणाले, "सरूबाई, मुलींना बाहेर बोलवा. ही वेशीपुढची जागा कुणाच्या हुकमात नाही." मुली बाहेर आल्या, दोन खुंट्या ठोकिल्या, ओळीनें बसल्या. मग हैबतरावांनीं पिशवींतून दोनशें पानी कोरी वही काढिली. गिरजाबाईंनीं आदल्या दिवशींच आणोन ठेविली होती, रकाने आंखून. ती सरूबाईंस दिली.

सरूबाई म्हणाल्या, "माझ्या घरच्या वहीला कोण विचारतंय, उस्ताद? साक्ष कुणाची?"

"माझी. मी आता कायमचा माणूस. माझी सही चालते." सरूबाईंनीं पहिली ओळ लिहिली, आणि उस्तादांनीं पेन काढून तिच्यापुढें सही केली.

पंतांनीं टेकडीवरोन हें पाहिलें. दोन वेळां कलम उचललें. कायमचे मनुष्यास दूर करणें तर कारण लिहावें लागतें, आणि लिहावें काय? कलम ठेविलें.

एकूण जमाखर्च येणेंप्रमाणें. निष्ठा बोलणार एक, निष्ठेनें राहणार पांच, पैकीं कायम एक, तोही स्वतांच्या अक्षरानें. राज्यानें दिल्या शाली एक, श्रीफळ एक, शब्द एक. शब्द वजा. हे लेखनसमयीं अधिक ज्येष्ठाचा सत्ताविसावा दिवस, सरूबाईंची वही चालू, गैरहजेरी नाहीं.