राह्यलं तर राहू द्या

शामरावकाका आमच्या घरून कधी पूर्ण गेलेच नाहीत. दर वेळी त्यांचं काहीतरी राहतंच. छत्री, चष्म्याची डबी, कानटोपी. एकदा तर एकाच पायात चप्पल घालून घरी गेले आणि संध्याकाळी दुसरी न्यायला आले. समोरच राहतात म्हणून बरं.

मलकापुरात त्यांचं कटलरीचं दुकान होतं. रिबिनी, बांगड्या, टिकल्या. काकू गेल्या, मुलगा पुण्याला, दुकान बंद झालं. पण अंगातली दुकानदारी काही जाईना. तेवढ्यात मी शिकवते त्या शाळेत आनंद मेळावा ठरला. त्यात मुलं दुकानं लावतात. माझी लेक जुई आणि तिच्या दोन मैत्रिणी कच्चा चिवडा विकणार होत्या. काकांनी तिघींना आपल्या ओट्यावर सतरंजी अंथरून बसवलं आणि जाहीर केलं, "मी तुमाले मार्केटिंग शिकवतो."

रोज संध्याकाळी शिकवणी. "गिऱ्हाईकाले 'घ्या' म्हनू नका पोरीहो, 'पाहा तं खरं' म्हना. घ्या म्हटलं का मानूस खिसा दाबते." किंवा, "पुडी भरल्यावर चार शेंगदाने टाका. आधी नाही, वरून! त्याले दिसले पाह्यजे." मग काका स्वतःच खवट गिऱ्हाईक व्हायचे. "हॅ! चिवडा हाये का भुसा?" जुई चिडली की नापास.

शेवटचा धडा आवाज खाली आणून दिला. "गिऱ्हाईकाचं काही राह्यलं, तर मागून बोंबलू नका. राहू द्या. जपून ठेवा. ते परत येते. आन् परत आलेलं गिऱ्हाईक हात हालवत जात नाही."

"काका, ही लबाडी झाली," मी म्हटलं.

"काऊन? आपन परत देऊनच राह्यलो ना! याले मार्केटिंग म्हनतात, मॅडम."

मेळाव्यात पोरींनी कमाल केली. दुपारपर्यंत त्यांच्या टेबलामागे दोन छत्र्या, मुख्याध्यापकांचा चष्मा आणि एक लेकरू जमा झालं. हो, लेकरू! तीन वर्षांचं, गुबगुबीत, मजेत मुरमुरे खात बसलेलं. माइकवरून त्याच्या नावाचा पुकारा चाललेला, आई रडकुंडीला आलेली, आणि या तिघी तोंडाला कुलूप लावून पुड्या बांधतायत. शेवटी आईलाच ते दिसलं. तिने लेकराला छातीशी धरलं, रडली, आणि जाताना चिवड्याच्या दोन पुड्या घेऊन गेली.

"पाह्य आई," जुई म्हणाली, "हात हालवत नाही गेली!"

माझं डोकंच फिरलं. त्याच संध्याकाळी मी काकांच्या ओट्यावर जाऊन त्यांना नाही नाही ते बोलले. पोरी आता येणार नाहीत, हेही सांगून टाकलं. "चुकलंच मॅडम," एवढंच ते म्हणाले.

आठ दिवस काका फिरकले नाहीत. खुंटीवर छत्री नाही, टीपॉयवर डबी नाही. घर कसं नीटनेटकं, आणि मला मेलं चैन पडेना. समोर ते एकटे बसलेले, पोरींची सतरंजी रोज अंथरलेली. तेव्हा कुठे माझ्या बथ्थड डोक्यात उजेड पडला. जन्मभर ज्या माणसाने टिकलीचं एक पाकीट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही, तो स्वतःची चप्पल विसरेल? मला माझीच लाज वाटली.

नवव्या दिवशी दारात काका. हातात कंपासपेटी. "पोरगी शाळेतून येतायेता ओट्यावर टेकली असन. तिची पेटी राह्यली. द्याले आलो फक्त."

मी जुईकडे पाहिलं. ती पंख्याकडे पाहत होती.

"या काका, चहा टाकते."

"नाही नाही, चहा नको."

"घेऊ नका, पाहा तर खरं!"

काका खो खो हसले. दोन कप चहा झाला. उद्यापासून शिकवणी पुन्हा सुरू, फक्त लेकरं परत करायची, असं ठरलं.

ते निघाले. फाटकापर्यंत पोचले, तेव्हा सोफ्यावर मला त्यांची कानटोपी दिसली. जुईने माझ्याकडे पाहिलं.

मी मागून आवाज दिला नाही.